गळा धरला होता का, हे विचारायला हवं

अरुणा शानभागचं नाव निघालं की आपल्याकडे चर्चा सुरू होते ती इच्छामरणाची. सर्वोच्च न्यायालयाचा ७ मार्च २०११ चा निकाल, पिंकी विराणींचा अर्ज, केईएमच्या परिचारिकांचा त्याला विरोध, पुढे २०१८ साली घटनापीठानं मान्य केलेलं जिवंतपणी करायचं इच्छापत्र. हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण ही अरुणाच्या गोष्टीच्या शेवटाची चर्चा झाली. सुरुवातीची चर्चा राहूनच गेली. तिच्या मरणाच्या हक्काबद्दल आपण पुष्कळ बोललो, तिच्या गळ्याबद्दल फारसं बोललो नाही. मला या लेखात तेच बोलायचं आहे, कारण तिच्या गळ्याला जे झालं त्याचा घरातल्या रोजच्या मारहाणीशी थेट संबंध आहे.

हकिगत थोडक्यात सांगते. अरुणा मूळची कर्नाटकातल्या हळदीपूरची, परळच्या केईएम रुग्णालयात परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी रुग्णालयाच्या तळघरात तिथल्याच एका कर्मचाऱ्यानं कुत्र्याची साखळी तिच्या गळ्याभोवती आवळली आणि तिच्यावर लैंगिक अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला ती बेशुद्ध सापडली. वय पंचवीस. त्यानंतर साडेएकेचाळीस वर्षं ती त्याच रुग्णालयात होती. १८ मे २०१५ ला न्यूमोनियानं गेली. हल्लेखोराला शिक्षा झाली ती खुनाचा प्रयत्न आणि जबरी चोरी यांसाठी, सात वर्षांची. लैंगिक अत्याचाराचा खटला उभाच राहिला नाही. मथुराचं प्रकरण याच्या आदल्या वर्षीचं, १९७२ चं. पण मथुरासाठी बायका रस्त्यावर उतरल्या त्या १९८० मध्ये. १९७३ साली अरुणासाठी काम थांबवून उभ्या राहिल्या त्या तिच्याबरोबरच्या परिचारिका.

सर्वोच्च न्यायालयानं तिची तपासणी करायला मुंबईतल्या तीन डॉक्टरांची समिती नेमली होती. त्यांनी अहवालात साफ लिहिलं आहे की, तिच्या मेंदूची हानी भरून न येणारी आहे, ती मेंदूला रक्त आणि प्राणवायू न मिळाल्यामुळे झाली आहे आणि गळा आवळल्यावर जे परिणाम होतात असं वैद्यकाला माहीत आहे, त्यांच्याशी ती जुळते. निकालपत्रात हे वाक्य आहे. त्यावर अग्रलेख आले नाहीत, परिसंवाद झाले नाहीत. मला मात्र या चळवळीत काम करणाऱ्या प्रत्येकीनं ते वाक्य पाठ करावं असं वाटतं.

मेंदूचं गणित

आपल्या शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा साधारण दोन टक्के असतो, पण शरीर वापरतं त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा प्राणवायू एकटा मेंदू घेतो. शिवाय मेंदूकडे साठवण नसते. घरात पाण्याची टाकी नसेल आणि नळ गेला की तेव्हाच्या तेव्हा हंडा रिकामा, तसंच हे. पुरवठा सतत चालू लागतो आणि तो जातो गळ्यातून.

गळ्यावर हात पडला की पहिल्यांदा दबतात त्या मेंदूकडून रक्त खाली आणणाऱ्या शिरा. त्यांना थोडाच दाब पुरतो. त्याहून जास्त दाबानं मेंदूकडे रक्त नेणाऱ्या रोहिण्या बंद होतात. श्वासनलिका पूर्ण बंद व्हायला याहूनही बराच जास्त जोर लागतो. म्हणजे बाईचा श्वास थोडा चालू असेल, ती ओरडतही असेल, तरी तिच्या मेंदूचं रक्त तुटलेलं असू शकतं. हे नीट लक्षात ठेवावं. ‘तू तर ओरडत होतीस म्हणतेस, मग गळा कसा आवळला?’ हा प्रश्न बायकांना चौकीत विचारला जातो. त्याचं उत्तर आपल्याला देता यायला हवं.

रोहिण्या दाबल्या गेल्या की साधारण दहा सेकंदांत शुद्ध हरपते. हात लगेच सुटला तर बाई थोड्या वेळात शुद्धीवर येते, आणि म्हणूनच सगळ्यांना वाटतं, काही झालं नाही. पुरवठा चार-पाच मिनिटं तुटला तर मेंदूच्या पेशी मरायला लागतात. सगळ्यात आधी झळ बसते ती आठवण साठवणाऱ्या भागाला, हालचाल आणि तोल सांभाळणाऱ्या भागांना, डोळ्यांनी दिसलेलं समजून घेणाऱ्या भागाला. अरुणाचे डोळे शाबूत होते, पण मेंदूचं नुकसान झाल्यानं तिला दिसत नाही, असं डॉक्टरांनी नोंदवलं होतं.

अरुणाची अवस्था हे अगदी शेवटचं टोक. एका टोकाला ती आणि दुसऱ्या टोकाला ‘काही झालं नाही’, असे दोनच प्रकार मात्र नसतात. मधे मोठा पट्टा आहे. तिथे डोकेदुखी आहे, विसरणं आहे, बोलताना शब्द न सापडणं आहे, चटकन भडकणं आहे, झोप उडणं आहे, चालताना तोल जाणं आहे. पुन्हा पुन्हा गळा दाबला गेला तर हे साचत जातं. कधी मानेतल्या रोहिणीच्या आतल्या अस्तराला चीर पडते, तिथे गुठळी धरते आणि काही तासांनी किंवा काही दिवसांनी बाईला पक्षाघात होतो. तोपर्यंत भांडण मिटलेलं असतं, नवरा कामावर जायला लागलेला असतो, आणि तो झटका गळ्याशी जोडायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

प्राणवायू कमी पडला तर मेंदूला इजा होते, हे आपल्या वस्त्यांतल्या बायकांना ठाऊक नाही असं नाही. कुठल्याही मतिमंद किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या आईला विचारा, ती पहिलं वाक्य सांगेल, ‘जन्मल्यावर रडला नाही, काळानिळा पडला होता.’ हे तिला कसं कळलं? प्रत्येक दवाखान्यात, प्रत्येक डॉक्टरनं तिला तेच विचारलं म्हणून. ‘बाळ लगेच रडलं का?’ एक प्रश्न सगळीकडे सारखा विचारला गेला आणि त्यातून घराघरात ज्ञान गेलं. त्याच आईचा गळा नवऱ्यानं दाबला होता का, हे मात्र कुणी विचारत नाही. त्यामुळे तिच्या विसरण्याला कारण नसतं. तिला फक्त विशेषणं मिळतात.

बायका काय सांगतात

मी गेली दहा वर्षं घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातल्या वस्त्यांत, हिंसा सोसणाऱ्या बायकांबरोबर काम करते. अधूनमधून अंधेरी-बोरिवलीकडच्या गटांच्या बैठकांनाही जाते. बायका ‘गळा आवळला’ असं क्वचितच म्हणतात. त्या म्हणतात, ‘नरडं धरलं.’ ‘भिंतीला लावून वर उचललं.’ ‘ओढणीनंच खेचलं.’ ‘उशी दाबली तोंडावर.’ ‘डोळ्यापुढं अंधारी आली, मग काय झालं आठवत नाही.’ ‘उठले तर फरशीवर होते.’ आणि खूप खाली आवाजात, बाकीच्या बायका उठून गेल्यावर, ‘ताई, कपड्यातच लघवी झाली हो.’

ही शेवटची गोष्ट बाई लाजेनं लपवते. खरं म्हणजे तो फार मोठा पुरावा आहे. शुद्ध हरपली होती, मेंदूचा ताबा सुटला होता, हे तो सांगतो. पण आपण विचारलं नाही तर ती आपणहून सांगणार नाही.

एका बाईबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय चौतीस, पोळीभाजी केंद्रात कामाला. चाळीस डब्यांचा हिशेब ती तोंडी ठेवायची: कुणाला भात नको, कुणाचे पैसे राहिलेत, कुणाचा शनिवारचा उपास. नवऱ्यानं दोन वर्षांत तीन वेळा तिचा गळा दाबला. दोनदा तिची शुद्ध गेली. त्यानंतर डबे चुकायला लागले. कामावरून कमी केलं. दूध उतू जायचं, शिळफाट्याला जायची गाडी सोडून ती भलत्याच गाडीत बसायची. सासू म्हणायची, नाटकं. माहेरचे म्हणाले, टेन्शन. तिला स्वतःला वाटलं, आपल्याला वेड लागतंय.

तिसऱ्या वेळी ती एका सरकारी रुग्णालयात गेली. केसपेपरवर लिहिलं गेलं, पतीकडून मारहाण, बाहेरून इजा दिसत नाही. पोलीस ठाण्यात एन.सी. झाली. आणि मग नवऱ्यानं घटस्फोटाचा दावा लावला. त्यात काय लिहिलं होतं? पत्नी गॅस चालू ठेवते, मुलाला शाळेतून आणायला विसरते, तिचं मानसिक संतुलन ठीक नाही, सबब मुलाचा ताबा मला मिळावा.

म्हणजे ज्या हातानं इजा केली, त्याच हाताला त्या इजेचा फायदा. कागदावर कुठेही गळ्याचा उल्लेख नसल्यामुळे तिच्याकडे याला उत्तर नव्हतं. एकटीचंच असं झालं असतं तर मी हा लेख लिहिला नसता.

कागदावर गळा कुठे आहे?

कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आला २००५ साली, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. आपल्यातल्या कित्येकजणी त्यासाठी झटल्या. त्या कायद्याच्या नियमांना बाईला तिचे हक्क समजावून सांगणारा एक नमुना जोडलेला आहे. शारीरिक हिंसा म्हणजे काय, याची उदाहरणं त्यात आहेत: मारणं, थोबाडीत देणं, चावणं, लाथ मारणं, गुद्दे घालणं, ढकलणं. चावणं आहे, गळा दाबणं नाही. ‘इतर कोणत्याही प्रकारे वेदना किंवा इजा’ या शेवटच्या ओळीत ते धरून घ्यायचं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नवऱ्याच्या हिंसेबद्दल बायकांना प्रश्न विचारतात. त्यात गळा आहे, पण ‘मुद्दाम गळा आवळण्याचा किंवा भाजण्याचा प्रयत्न केला का’ असा दोन्ही मिळून एकच प्रश्न. जळालेली बाई आणि गळा दाबलेली बाई एकाच रकान्यात. किती बायकांचा गळा दाबला गेला, हे त्या आकड्यातून वेगळं काढताच येत नाही.

पोलिसांच्या लेखी काय होतं? वळ दिसत नाही, हाड मोडलं नाही, म्हणजे साधी दुखापत. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३२३, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ११५(२). अदखलपात्र. एन.सी. घ्या आणि घरी जा. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपासही करत नाहीत.

‘वळ दिसत नाही’ या तीन शब्दांवर सगळं येऊन थांबतं, म्हणून ते तपासून पाहू या. अमेरिकेत सॅन दिएगो शहरात १९९५ साली दोन तरुण मुली त्यांच्या जोडीदारांच्या हातून मारल्या गेल्या. त्यानंतर तिथल्या सरकारी वकिलांनी गळा दाबल्याच्या तीनशे तक्रारींचे कागद पुन्हा काढून पाहिले. २००१ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्या बायकांच्या गळ्यावर बाहेरून काहीही दिसत नव्हतं. आणखी पस्तीस टक्क्यांच्या खुणा इतक्या बारीक होत्या की फोटोत येत नव्हत्या. म्हणजे शंभरातल्या पंधराजणींच्याच खुणांचा फोटो निघत होता. सावळ्या कातडीवर तर वळ आणखीनच कमी दिसतो. न दिसणारा वळ हा इजा न झाल्याचा पुरावा नाही.

दुसरा अभ्यास २००८ सालचा, तोही अमेरिकेतलाच. नवऱ्यानं किंवा जोडीदारानं मारलेल्या बायकांची तुलना, मारहाण होऊनही जीव वाचलेल्या बायकांशी केली गेली. ज्या बाईचा गळा आधी कधीतरी दाबला गेला होता, तिचा पुढे खून होण्याचा संभव सातपटीहून जास्त निघाला. आपण वस्तीत याला काय म्हणतो? ‘रागाच्या भरात हात गेला.’ थोबाडीत मारणं आणि गळा धरणं यांना एकाच मापानं मोजणं किती धोक्याचं आहे, हे या आकड्यावरून कळतं. गळ्यावर हात टाकणारा पुरुष बाईला न बोलता सांगत असतो की तुझा श्वास माझ्या मुठीत आहे. बाईला ते कळतं. कायद्याच्या कागदाला अजून कळलेलं नाही.

कायद्यात जागा आहे, वापर नाही

काही देशांनी गळा दाबणं हा वेगळा गुन्हा केला आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड राज्यानं २०१६ साली, न्यूझीलंडनं २०१८ साली. इंग्लंड-वेल्समध्ये २०२१ च्या कायद्यातली तरतूद जून २०२२ पासून लागू झाली, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आपल्याकडेही तशी मागणी करावी, असं माझं मत आहे. पण नव्या कायद्याची वाट पाहत बसण्याचं कारण नाही, कारण आहे त्या कायद्यातही जागा आहे.

एक, गंभीर दुखापतीच्या व्याख्येत ‘जिवाला धोका निर्माण करणारी’ दुखापत पूर्वीपासून आहे. दहा सेकंदांत शुद्ध घालवणारी कृती जिवाला धोक्याची नाही, असं कोण म्हणेल? दोन, ४९८अ, म्हणजे आताची ८५ आणि ८६ ही कलमं, फक्त हुंड्यासाठी आहेत असं अजूनही अनेक चौक्यांत सांगितलं जातं. ते खोटं आहे. बाईच्या जिवाला, अवयवाला किंवा आरोग्याला धोका होईल असं वर्तन म्हणजे क्रूरता, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र आहे. तीन, परिस्थिती तशी असेल तर खुनाचा प्रयत्न, आताचं कलम १०९.

दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर २०१३ साली बलात्काराचा कायदा बदलला. गुदामार्गे केलेला अत्याचार बलात्काराच्या व्याख्येत आला. अरुणाच्या वेळी तो नव्हता. बलात्कारात बाई मेली किंवा कायमची अचेतन अवस्थेत गेली तर किमान वीस वर्षं शिक्षा, असं कलमही तेव्हाच आलं. अरुणाची अवस्था चाळीस वर्षांनी का होईना, कायद्याच्या भाषेत आली. नव्या संहितेत कलम ११७(३) आणखी पुढे गेलं आहे. कोणत्याही हल्ल्यात गंभीर दुखापत होऊन कायमचं अपंगत्व किंवा अचेतन अवस्था आली तर किमान दहा वर्षं सक्तमजुरी. पण पोळीभाजी केंद्रातल्या बाईचं विसरणं हे अपंगत्व आहे आणि ते गळा दाबल्यामुळे आलं, हे सिद्ध करायला कागद लागतो. पहिल्या दिवशीच्या केसपेपरवर गळ्याचा उल्लेख नसेल तर पुढची सगळी कलमं पुस्तकात राहतात.

काही शंका

आमच्या गटात हा विषय मांडला तेव्हा मैत्रिणींनी शंका काढल्या. त्या योग्य आहेत म्हणून इथे देते.

पहिली शंका, ‘मेंदूला इजा’ असं लिहून घेतलं तर नवऱ्याच्या वकिलाच्या हातात आपणच कोलीत देत नाही का? आधीच बाईला वेडी ठरवायला सगळे टपलेले. ही भीती खरी आहे. पण मुकाट राहिल्यानं बाई वाचत नाही, हे वरच्या उदाहरणात दिसलं. तिचं विसरणं कोर्टात येणारच आहे, आणायला नवरा समर्थ आहे. कारणाशिवाय आलं तर ते तिचा दोष ठरतं, कारणासकट आलं तर त्याचा गुन्हा ठरतो. शिवाय मेंदूला इजा म्हणजे आई म्हणून नालायक, हे समीकरणच आपल्याला मान्य नाही. वहीत लिहून, मोबाइलचा गजर लावून, शेजारणीची थोडी मदत घेऊन अशा बायका उत्तम संसार करतात.

दुसरी शंका, प्रत्येक विसराळूपणा गळ्याला चिकटवायचा का? अर्थातच नाही. अंगात रक्त कमी असणं, झोप नसणं, सततची धास्ती, डोक्यावर बसलेला मार, थायरॉइड, अशी कितीतरी कारणं असतात. निदान करणं आपलं काम नाही, डॉक्टरांचं आहे. आपलं काम विचारणं, लिहून घेणं आणि योग्य तपासणीपर्यंत बाईला पोचवणं एवढंच आहे.

तिसरी शंका, पालिकेच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना श्वास घ्यायला फुरसत नाही, त्यात हे आणखी एक. मी म्हणते, एका प्रश्नाला अर्धं मिनिट लागतं. आणि हे करता येतं, याचा दाखला मुंबईतच आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० च्या सुमारास सेहत संस्था आणि महापालिका यांनी मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. हिंसा हा आरोग्याचा प्रश्न आहे आणि रुग्णालयानं तो विचारायला हवा, हे तिथे सरकारी यंत्रणेच्या आत राहून करून दाखवलं गेलं. पुढे हे काम पालिकेच्या इतर रुग्णालयांतही पसरलं. तिथल्या प्रश्नावलीत, आणि त्याहून जास्त अपघात विभागातल्या रात्रपाळीच्या डॉक्टरच्या सवयीत, गळ्याचा प्रश्न पक्का बसायला हवा.

आपण काय करू शकतो

मारहाण झालेली बाई आली की ‘मारलं का’ एवढ्यावर थांबू नये. हे प्रश्न वेगवेगळे विचारावेत:

१. गळ्यावर, मानेवर, तोंडावर हात, कापड, दोरी, उशी असं काही दाबलं होतं का? कितीदा? एका हातानं की दोन्ही?

२. अंधारी आली का? मधलं काही आठवत नाही असं झालं का? उठल्यावर जागा बदललेली होती का?

३. लघवी किंवा संडास कपड्यात झाली का?

४. आवाज घोगरा झाला आहे का? गिळताना दुखतं का? डोळ्यांत लाल ठिपके आले का?

५. तेव्हापासून डोकं दुखणं, उलट्या, विसरणं, शब्द न सुचणं, हातापायाला मुंग्या किंवा अशक्तपणा?

६. गळा दाबताना तो काय बोलत होता?

शुद्ध हरपली असेल, आवाज बदलला असेल, गिळता येत नसेल, किंवा एका बाजूला अशक्तपणा असेल तर तक्रार नंतर, रुग्णालय आधी. बाई गरोदर असेल तर जराही थांबू नये. डॉक्टरांना मानेच्या रक्तवाहिन्यांची तपासणी लागेल का, हे स्पष्ट विचारावं. डोक्याचा पहिला सीटी स्कॅन ठीक आला तरी त्रास होत असेल तर पुन्हा न्यावं. पहिले दोन-तीन दिवस बाईला एकटी ठेवू नये. गळ्याचे फोटो त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशीही काढावेत, कारण कधीकधी वळ उशिरा उमटतो.

केसपेपरवर आणि तक्रारीत बाईचे शब्द जसेच्या तसे घालण्याचा आग्रह धरावा. ‘मारहाण’ हा एक शब्द लिहून घेऊ नये. ‘नरडं धरलं, अंधारी आली, लघवी झाली’ असंच लिहायला लावावं. बाईला घटनेचा क्रम नीट सांगता आला नाही, एकदा एक आणि एकदा दुसरं सांगितलं, तर ती खोटं बोलते असा अर्थ काढू नये आणि पोलिसांनाही काढू देऊ नये. मेंदूला रक्त मिळालं नाही त्या क्षणांची आठवण तयारच होत नाही. तिचं ‘आठवत नाही’ हीच तिची साक्ष आहे.

आणि मागण्या कोणत्या? कौटुंबिक हिंसाचाराच्या नमुन्यांत गळा दाबण्याचा वेगळा उल्लेख. पोलीस आणि संरक्षण अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात हा विषय. आरोग्य पाहणीत गळा आणि भाजणं यांचे वेगळे प्रश्न. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत, पण नंतर झालेली मेंदूची इजा असा स्वतंत्र प्रकार नाही. तो यावा, नाहीतर या बायका दाखल्यासाठी एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत फिरत राहतील. आणि उपनगरांतल्या पालिका रुग्णालयांत मेंदूच्या इजेनंतरचे व्यायाम, वाचा-उपचार आणि स्मरणासाठीचं प्रशिक्षण फुकट मिळावं.

या शेवटच्या मागणीबद्दल एक शब्द. केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी अरुणाला सांभाळलं. महापालिकेनं ऐंशीच्या दशकात तिला हलवायचा विचार केला तेव्हा त्यांनीच विरोध करून तो हाणून पाडला. त्या सेवेपुढे हात जोडावेत एवढी ती मोठी आहे. पण बाकीच्यांना सांभाळणारं कोण? म्हातारी आई, किंवा बारा वर्षांची मुलगी, जिची शाळा सुटते. बाईची इजा झाकली की तिची काळजी दुसऱ्या बाईच्या खांद्यावर जाते, आणि तिचीही कुठे नोंद होत नाही.

येत्या तिमाहीत प्रत्येक गटानं एक करावं. गेल्या वर्षभरातल्या आपल्या केसेसच्या फाइली काढाव्यात आणि किती ठिकाणी गळ्याचा उल्लेख आहे ते मोजावं. जिथे नाही, त्या बायकांना शक्य असेल तर पुन्हा भेटून वरचे प्रश्न विचारावेत. नावं, पत्ते न देता आकडे आणि अनुभव मासिकाकडे पाठवावेत. उपनगरांतल्या गटांनी मिळून ते आकडे महापालिकेच्या आरोग्य विभागापुढे आणि महिला आयोगापुढे ठेवायचे आहेत. तिथे आपल्याला विचारतील की असे प्रकार होतात तरी किती, आणि त्या वेळी आपल्या हातात कागद हवा.